'खणखणीत' व 'ठणठण' : नादवाचक शब्दांचा अर्थविकास

'खणखणीत' हे विशेषण मराठीत नाण्याला, आवाजाला आणि प्रकृतीलाही लावले जाते. धातूच्या नादाचा वाचक शब्द निकोपपणाचा वाचक कसा झाला, हे केवळ वर्णविकाराच्या नियमांनी उलगडत नाही.

संस्कृतात 'खणखणायते' हे रूप आढळते. परंतु प्राकृतात स्वरमध्यस्थ 'ख'चा सामान्यतः 'ह' होतो; 'मुख'चे 'मुह', 'सखी'चे 'सही' झाले. 'खणखण'मधील दुसरा 'ख' मात्र अबाधित राहिला. द्विरुक्तीतील उत्तरावयव स्वतंत्र पदासारखा उच्चारला जातो, हे याचे एक कारण. अनुकरणवाचक शब्द कानाच्या साक्षीने पुनःपुन्हा घडत राहतात, हे दुसरे. अशी रूपे आर्य व द्राविड या दोन्ही भाषाकुलांत सामायिक असल्याचे एमेनो यांनी 1969 च्या निबंधात दाखविले. त्यांना '-ईत' प्रत्यय लावून विशेषण साधणे ही मराठीची नित्याची रीत होय : चकचकीत, झगझगीत, बुळबुळीत.

अर्थाचे मूळ व्यवहारात शोधावे लागते. 1835 च्या कायद्याने पाडलेला रुपया 180 ग्रेन वजनाचा असून त्यात बारांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. सराफाने तो दगडावर टाकताच खणकन वाजे; खोटे किंवा तडकलेले नाणे 'बद्द' वाजे. 'वाजवून घेणे' हा वाक्प्रचार याच परीक्षेचा साक्षी आहे. भांडे आणि मडके यांचीही पारख अशीच होई. नाद हा अभंगतेचा पुरावा ठरला आणि पुढे पुराव्याचे नाव गुणालाच मिळाले. इंग्रजीत 'साउंड' म्हणजे ध्वनी व 'साउंड' म्हणजे निकोप हे दोन शब्द भिन्न मूळांचे असून केवळ योगायोगाने एकरूप झाले आहेत. मराठीत हा संबंध खरा आहे.

'ठणठणीत' म्हणजे निरोगी, तर 'ठणठणगोपाळ' म्हणजे निर्धन, हा विरोधही यामुळेच उलगडतो. न तडकलेले भांडे ठणठण वाजते, तसेच रिकामेही वाजते; भरलेले वाजत नाही. येथे नाद एकच आहे, परीक्षा मात्र दोन आहेत.

1947 मध्ये रुपया निकेलचा झाला, आणि चांदीच्या नाण्याबरोबर ती पारखही मागे पडली. माण येथील माहिती-तंत्रज्ञान उद्यानात फिरणारा पैसा तर मुळीच वाजत नाही. तथापि यंत्रशाळांत सहाणचाक बसविण्यापूर्वी ते हलकेच ठोकून त्याचा नाद ऐकण्याची पद्धत अद्याप रूढ आहे. जुनी परीक्षा अशी नव्या उद्योगात टिकून आहे, आणि तिच्यातून निपजलेला अर्थ भाषेत.