शेततळ्यातील आजारी मासा : घरच्या घरी काय करता येते, काय करू नये

शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस सोडणाऱ्या शेतकऱ्यांचे फोन बहुधा सकाळी सहा-सातच्या सुमारास येतात. "मासे वर आलेत, तोंड उघडं टाकतायत, कोणतं औषध टाकू?" माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सगळेच वर आलेत, की दोन-चारच? औषध लागणार की नाही, हे बरेचदा या उत्तरावरून ठरते.

पहाटे सगळे मासे एकदम वर येऊन हवा गिळत असतील, तर तो रोग नाही, प्राणवायूची कमतरता आहे. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघेही पाण्यातला प्राणवायू वापरतात, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. सलग ढगाळ हवामान, हिरवेगार पाणी आणि जादा खाद्य असेल, तर हा त्रास हमखास होतो. अशा वेळी पंप लावून तळ्यातलेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे पुन्हा तळ्यात पाडावे, शक्य असल्यास ताजे पाणी सोडावे आणि खाद्य व शेण बंद ठेवावे. ऊन वर आल्यावर मासे खाली जातात. पाण्यात प्रतिलिटर 5 मिलिग्रॅमच्या पुढे प्राणवायू असावा. तो 3 च्या खाली उतरला, की मासा ताणाखाली येतो आणि खरे रोग त्यानंतर सुरू होतात.

आजारी मासा ओळखणे

आजारी मासा कळपापासून वेगळा, काठाला सुस्त फिरतो, खाद्याला येत नाही आणि सावली पडली तरी दचकत नाही. तो ओल्या हाताने किंवा ओल्या कापडात धरून पाहावा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचा जंतूंपासूनचा पहिला बचाव असतो. आधी कल्ले उघडून पाहावेत. निरोगी कल्ले लालभडक असतात. फिकट, तपकिरी किंवा चिखलाने माखलेले असतील, तर पाण्याची तपासणी आधी करावी.

अंगावर नखाएवढे, चपटे, सरकणारे ठिपके दिसले, तर ती माशाची ऊ, म्हणजे आरग्युलस. असा मासा अंग तळाला घासतो, मध्येच उसळी मारतो. जखमेवर कापसासारखे पांढरे पुंजके असतील, तर बुरशी. ती बहुतेक वेळा जाळे ओढताना किंवा बीज वाहून आणताना झालेल्या जखमेवर येते. हिवाळ्याच्या तोंडावर लाल चट्टे पडून पुढे खोल व्रण झाले, तर ॲफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स या बुरशीसदृश जीवामुळे होणाऱ्या व्रणरोगाचा संशय घ्यावा. मरळ आणि मृगळ त्याला लवकर बळी पडतात, सायप्रिनस बराच टिकतो. पोट फुगून खवले उभे राहिलेला मासा घरी बरा होत नाही. तो काढून तळ्यापासून दूर, चुना टाकून पुरावा. आजारी मासा विहिरीत किंवा शेजारच्या तळ्यात सोडून देणे तर मुळीच नको.

मिठाचे पाणी

घरी करण्याजोगा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे जाडे मीठ. दहा लिटर तळ्याच्याच पाण्यात 200 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे आणि मासा त्यात दोन-तीन मिनिटे ठेवावा. शेजारी उभे राहावे. मासा कलंडू लागला, की वेळ झाली नसली तरी लगेच साध्या पाण्यात घ्यावे. अंगावरचे बरेच परजीवी यात सुटतात. उरलेली ऊ चिमट्याने अलगद काढता येते. वापरलेले पाणी परत तळ्यात ओतू नये.

मासा मोलाचा असेल, म्हणजे प्रजननासाठी ठेवलेला किंवा शोभेचा कोई, तर त्याला वेगळ्या टाकीत ठेवणे परवडते. 500 लिटर पाण्याला दीड किलो मीठ, वर सावली, जाळीचे झाकण आणि एअर पंप. दोन दिवस खाद्य देऊ नये. रोज एक तृतीयांश पाणी बदलावे, बदललेल्या पाण्यापुरतेच मीठ नव्याने टाकावे. नळाचे पाणी असेल, तर ते एक दिवस उघड्यावर ठेवून वापरावे, कारण क्लोरीन कल्ल्यांना जाळते. व्रणावर पोव्हिडोन आयोडीन कापसाने लावता येते, पण कल्ल्यांकडे ओघळ जाऊ देऊ नये. पाचशे ग्रॅमच्या बाजारू रोहूसाठी मात्र एवढा खटाटोप मी सुचवत नाही. तिथे एक आजारी मासा ही तळ्याची खबर समजावी आणि उपाय तळ्यावर करावा.

टाकी किंवा ड्रम निवडताना एक गोष्ट पाहावी. एका शेतकऱ्याने आजारी मासे नीट निवडून वेगळे काढले आणि ड्रममध्ये ठेवले. तासाभरात सगळे उलटे झाले. त्याच ड्रममध्ये आदल्या आठवड्यात कीटकनाशक कालवले होते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. ऊ मारण्यासाठी गोचिडाचे औषध अंदाजाने तळ्यात टाकणारेही भेटतात. तो प्रयोग करू नये.

तळ्यातील मात्रा आणि पाण्याचा हिशेब

चुका सर्वांत जास्त इथे होतात. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल आणि 1.5 : 1 उताराच्या तळ्यात काठोकाठ सुमारे 19.7 लाख लिटर पाणी मावते. तेच तळे निम्म्या खोलीपर्यंत, म्हणजे दीड मीटर भरलेले असेल, तर त्यात निम्मे पाणी नसते. उतारामुळे ते सुमारे 8.1 लाख लिटरच भरते. परजीवी किंवा बुरशीसाठी पोटॅशियम परमँगनेट प्रतिलिटर 2 मिलिग्रॅम द्यायचे, तर अशा तळ्याला 1.6 किलो पुरे. भरल्या तळ्याचा हिशेब धरून जवळपास चार किलो टाकले, तर मात्रा अडीचपट होते आणि मासे रोगाआधी औषधाने मरतात.

परमँगनेट सकाळी ऊन पडल्यावर, पाण्यात विरघळवून सर्वत्र शिंपडावे. ते शेवाळही मारते, त्यामुळे रात्री प्राणवायू घटू शकतो. पंप तयार ठेवावा. मासे आधीच वर आलेले असतील, तर त्या दिवशी टाकू नये. सिफॅक्स हे व्रणरोगासाठी भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने विकसित केलेले औषध आहे. त्याची मात्रा हेक्टर-मीटरला एक लिटर, म्हणजे वरच्या दीड मीटरच्या तळ्याला साधारण 80 मिलिलिटर. लेबल वाचून, भरपूर पाण्यात मिसळून द्यावे.

मीठ मात्र संपूर्ण तळ्यात टाकू नये. टाकीतली मात्रा या तळ्याला लावली, तर सुमारे 2.4 टन मीठ लागेल. त्याहून वाईट म्हणजे तेच पाणी ठिबकमधून डाळिंब किंवा द्राक्षाच्या मुळाशी जाईल. मासा वाचवताना बाग जायची.

चुना व्रणरोगात उपयोगी पडतो, पण आधी सामू तपासावा. तो 8.5 च्या पुढे असेल, तर चुना नको. सामू चढला, की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. एरवी गुंठ्याला 2 किलो, रात्रभर भिजवून थंड केलेला चुना दोन हप्त्यांत, चार-पाच दिवसांच्या अंतराने द्यावा. प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात तळाची माती नसते, सामू लवकर उडतो. तिथे पहिल्या हप्त्यानंतर पुन्हा मोजूनच दुसरा द्यावा.

उवेसाठी बिनऔषधी युक्ती चांगली चालते. ऊ अंडी कडक पृष्ठभागावर घालते. तळ्यात ठिकठिकाणी बांबू किंवा फळ्या उभ्या कराव्यात, दर पाच-सहा दिवसांनी काढून उन्हात कडक वाळवाव्यात आणि परत लावाव्यात. दीड-दोन महिने न कंटाळता करावे लागते.

माणसांची प्रतिजैविके खाद्यात मिसळू नयेत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना मत्स्यसंवर्धनात बंदी आहे. मॅलॅकाइट ग्रीनचे अंश मांसात राहतात, त्यामुळे खाण्याच्या माशांवर ते नकोच.

तीन-चार दिवसांत मर थांबली नाही, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाला नमुना दाखवावा. त्यासाठी मेलेला, फुगलेला मासा उपयोगाचा नाही. लक्षणे असलेले दोन-तीन जिवंत मासे तळ्याच्या पाण्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्यावेत आणि वेगळ्या स्वच्छ बाटलीत तळ्याचे एक लिटर पाणी सोबत घ्यावे. बाटलीवर वेळ लिहावी, कारण पहाटेच्या आणि दुपारच्या पाण्याचे आकडे सारखे येत नाहीत.