योग्य सभेचा शोध : अ‍ॅक्रन ते इच्छापोर

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. तेथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका खानदेशी कामगाराने मला विचारले, "फादर, दारू सोडणाऱ्यांची सभा असते म्हणतात. मला चालेल अशी कुठली?" माझ्यापाशी उपदेश तयार होता, पत्ता मात्र नव्हता. ती लाज मनात ठेवून या सभांचा इतिहास पुन्हा वाचला, तेव्हा आढळले की त्याचा प्रारंभच अशा एका विचारणेने झाला आहे.

११ मे १९३५, शनिवार. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा रोखेव्यवहारातील गृहस्थ ओहायोतील अ‍ॅक्रन शहरी मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात उभा होता. धंद्याचे काम फसले होते. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि दालनाच्या एका टोकाला मद्यालय. दुसऱ्या टोकाला शहरातील चर्चांची यादी लावलेली होती. तीतून त्याने एपिस्कोपल पंथाचे पाळक वॉल्टर टंक्स यांना दूरध्वनी केला. मागणे विचित्रच होते : मला बोलावयास एक मद्यपी हवा. टंक्स यांनी प्रवचन दिले नाही, काही नावे दिली. त्या नावांच्या मागाने विल्सन हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोहोचला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी भेट झाली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या अटीवर आले होते. बोलणे काही तास चालले. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या अखेरच्या पेल्याचा दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा स्थापनादिन मानतात.

येथवरची कथा आपण धर्मगुरू अभिमानाने सांगतो. पुढील प्रकरण सहसा सांगत नाही. अ‍ॅक्रनचे हे लोक आरंभी ऑक्सफर्ड ग्रुप या प्रॉटेस्टंट चळवळीच्या बैठकांतच जमत. डोंगरावरील प्रवचन आणि याकोबाचे पत्र हे त्यांचे नित्याचे वाचन होते. परस्परांपाशी पापे कबूल करण्याचा याकोबाचा आदेश त्यांनी शब्दशः घेतला. पण क्लीव्हलँडहून येणाऱ्यांत रोमन कॅथॉलिकही होते, आणि परपंथीय बैठकीतील उघड पापकबुली त्यांच्या धर्मगुरूंना मान्य नव्हती. म्हणजे ज्या दारातून माणूस वाचत होता, तेच दार आपल्याच लोकांनी त्याला बंद केले! सिद्धान्ताच्या दृष्टीने त्या धर्मगुरूंची बाजू अगदीच लंगडी नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. प्रायश्चित्त संस्काराची जागा बैठकीने घ्यावी, असे कोणता कॅथॉलिक म्हणेल? मे १९३९ मध्ये क्लीव्हलँडकरांनी वेगळी सभा काढली. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' हे नाव प्रथम लावणारा गट तोच. तेव्हा सभा कोणाला चालते आणि कोणाला नाही, हा प्रश्न या संघाच्या बाल्यापासूनचा आहे. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या ग्रंथात अज्ञेयवादी सभासदांच्या आग्रहावरून देवाविषयीची भाषा सैल करण्यात आली, तीही याच कारणाने.

दुराव्याची भरपाई लवकरच झाली. १९३९ मध्येच अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी मद्यपी रुग्णांना खाटा दिल्या. पहिल्याला तर जठराच्या विकाराचे नाव देऊन आत घेतले. १९४० च्या हिवाळ्यात येशूसंघीय फादर एडवर्ड डाऊलिंग विल्सनला भेटले. बारा पायऱ्या आणि संत इग्नेशियसची आध्यात्मिक साधना यांतील साम्य पाहून ते थक्क झाले होते.

भारतात ही चळवळ १९५७ मध्ये मुंबईत रुजली. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यास 'कृपा' सुरू केली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उभारले.

इच्छापोरचा प्रश्न मात्र आणखी एका गाठीने बांधलेला आहे. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे. खानदेशाच्या गाडीने सुरतेहून गावी निघालेला माणूस नवापूर स्थानकावर येतो, तेव्हा अर्धा फलाट गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. एका बाकावर परवान्यावाचून पिणे हा गुन्हा. दुसरीकडे परवान्याचे दुकान. २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, यावरून बंदीने तहान मिटत नाही हे दिसलेच. पण बंदीमुळे "मी पितो" हे म्हणणे पापकबुलीबरोबर गुन्ह्याची कबुलीही वाटू लागते, आणि माणूस सभेच्या दारातून परततो. म्हणून सभेत आडनाव विचारत नाहीत, हजेरीपट नसतो, वर्गणीची सक्ती नसते, हे त्याला आधी सांगावे लागते. खुल्या सभेस कोणीही बसू शकतो; बंद सभा केवळ ज्यांना दारू सोडावयाची आहे त्यांची. बायकोसाठी 'अल-अ‍ॅनॉन'ची सभा वेगळी असते.

त्या गृहस्थाबरोबर मी एका खुल्या सभेस जाऊन बसलो. ती हिंदीत होती. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "फादर, रडू येतं ते आमच्या बोलीत येतं." २०२० च्या टाळेबंदीपासून अनेक सभा दूरध्वनीच्या पडद्यावर भरू लागल्या आहेत, त्यांतील एक मराठी सभा त्याला मानवली. खोलीत चौघे राहतात, म्हणून तो गच्चीवर जाऊन बसतो. रात्रपाळीच्या आठवड्यात सभा चुकते, तेव्हा तो मला दूरध्वनी करतो.