पारख आणि नजर : कॉर्नरबॅकच्या निवडीविषयी

१९५२ साली लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या कचेरीत एक उंच कृष्णवर्णीय तरुण न बोलावता येऊन उभा राहिला. त्याच्याजवळ वर्तमानपत्रांतली कात्रणे चिकटवलेली एक वही होती. नेब्रास्कातल्या स्कॉट्सब्लफ या गावच्या छोट्या महाविद्यालयात तो एक हंगाम खेळला होता, त्यानंतर चार वर्षे सैन्यात होता, आणि आता विमानाच्या कारखान्यात तेलकट पत्रे उचलण्याच्या कामाला कंटाळला होता. त्याचे नाव डिक लेन. पुढे सारी अमेरिका त्याला ‘नाइट ट्रेन’ लेन म्हणू लागली. प्रशिक्षक जो स्टायडाहर यांनी त्याला आधी चेंडू झेलणाऱ्याच्या जागी खेळवून पाहिले. त्या जागी टॉम फिअर्स आणि एलरॉय हर्श यांच्यासारखे मातब्बर असल्यामुळे मग त्याला बचावात, कोपऱ्यावर उभे केले. त्या हंगामातल्या १२ सामन्यांत लेनने प्रतिपक्षाचे १४ पास मधल्यामध्ये हिरावून घेतले. आज हंगाम १७ सामन्यांचा झाला आहे, तरी तो विक्रम कुणाला मोडता आलेला नाही.

या कथेतली खरी गंमत पुढेच आहे. खेळाडू हेरण्याच्या कामात त्या काळी रॅम्सइतका व्यवस्थित संघ दुसरा नव्हता. त्यांनी १९४६ पासून एडी कोटाल यांना केवळ या कामासाठी पगारावर ठेवले होते. महाविद्यालयामागून महाविद्यालय पालथे घालणारा पहिला पूर्णवेळ स्काउट म्हणून कोटाल यांचेच नाव घेतले जाते. अशा संघाच्या दारात त्या जागेवरचा सर्वांत मोठा खेळाडू स्वतःच्या पायांनी चालत आला, आणि तोवर त्याचे नाव कोणाच्याही यादीत नव्हते.

साहित्याविषयी लिहिणाऱ्यांनी हा विषय का घ्यावा, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर एवढेच, की पारख हा आपल्याही चिंतेचा विषय आहे. अजून पूर्ण न झालेल्या माणसाविषयी आज लिहून ठेवायचे आणि पाच वर्षांनी ते खरे ठरावे अशी अपेक्षा करायची, हे काम समीक्षकालाही फारसे जमलेले नाही. स्काउटचे टिपण हा एक गद्यप्रकारच आहे. त्याला स्वतःची परिभाषा आहे, स्वतःचे पूर्वग्रह आहेत, आणि त्याच्या चुका आकड्यांत मोजता येतात.

आधी कॉर्नरबॅक म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हाताने पुढे फेकता येतो. तो झेलण्यासाठी मैदानाच्या कडेने धावणारा जो खेळाडू असतो, त्याला थोपवणे हे कॉर्नरबॅकचे काम. आपल्या कबड्डीतही कोपरारक्षक असतो, पण तो चढाईपटूचा पाय धरायला पुढे झेपावतो. कॉर्नरबॅकच्या कसबाचा आरंभ मात्र मागे जाण्यात आहे. समोरच्याला आपण कुठे वळणार हे ठाऊक असते, याला नसते. म्हणून तो समोरच्याच्या कमरेवर नजर ठेवून उलट्या पावलांनी धावतो, आणि ती कंबर वळली की आपलीही कंबर वळवून त्याच्याबरोबर सुटतो. या एका वळणावर स्काउटांचे निम्मे शब्दभांडार खर्च झालेले आहे. अमक्याची कंबर मोकळी, तमक्याची ताठ. आपल्या तालमींतल्या वस्तादांना ही भाषा मुळीच परकी वाटणार नाही.

अडचण अशी, की कॉर्नरबॅक जितका उत्तम तितका तो कमी दिसतो. ज्याच्या बाजूला चेंडू फेकणे धोक्याचे, त्याच्या बाजूला तो फेकला जात नाही. ओकलंड रेडर्सच्या नामडी असोमुघाने २००६ मध्ये ८ इंटरसेप्शन घेतली, म्हणजे प्रतिपक्षाचे ८ पास हिरावले. पुढच्या वर्षी त्याच्या नावावर एकच लागले. त्याचा खेळ खालावला नव्हता, प्रतिपक्षाने त्याची बाजूच सोडून दिली होती. आकड्यांच्या तक्त्यात हा सन्मान आणि अपयश सारखेच दिसतात. त्यात दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूचा माग काढतो, त्यामुळे हा खेळाडू बहुतेक वेळ चौकटीबाहेरच असतो. स्काउटला उंचावरून घेतलेले, बावीसही खेळाडू दिसतील असे चित्रण पुन्हापुन्हा लावून जे घडले नाही ते वाचावे लागते.

ड्राफ्टची पद्धत फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेतून आली. महाविद्यालयीन खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने निवड करायची आणि गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी पहिली, असा नियम ठरला. पहिली निवड १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाली. फळ्यावर ९० नावे होती आणि ९ संघांनी ८१ खेळाडू निवडले. ती नावे मुख्यतः वर्तमानपत्रांतून आणि ओळखीच्या प्रशिक्षकांकडून आलेली. न्यूयॉर्क जायंट्सचे वेलिंग्टन मारा परगावची वर्तमानपत्रे आणि मासिके मागवून वाचीत, आणि तेवढ्यावर ते इतरांच्या पुढे होते. सर्वांत आधी निवडला गेलेला जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

या ऐकीव पद्धतीचा कळस १९५६ साली झाला. पिट्सबर्ग स्टीलर्सला त्या वर्षी पहिली निवड मिळाली आणि त्यांनी कोलोरॅडो ए अँड एम महाविद्यालयाच्या गॅरी ग्लिकला घेतले. तो सेफ्टी, म्हणजे बचावफळीत कॉर्नरबॅकच्या मागे उभा राहणारा. संघातल्या कोणीही त्याला खेळताना पाहिले नव्हते, त्याच्या प्रशिक्षकाच्या पत्रावर विसंबून हा निर्णय झाला आणि चित्रफीत नंतर मागवली गेली, असे सांगतात. मागच्या बचावफळीतला खेळाडू पहिल्या क्रमांकावर निवडला जाण्याची ही आजवरची एकमेव वेळ आहे.

याच पिट्सबर्गमध्ये त्या वेळी बिल नन नावाचे एक पत्रकार ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात काम करीत होते. १९३४ ते १९४५ या काळात नॅशनल फुटबॉल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये दार किलकिले झाले तरी दक्षिणेतल्या ज्या महाविद्यालयांत कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकत, तिकडे लीगमधले फारसे कोणी फिरकत नसे. कोटाल फिरकले होते. १९४९ मध्ये लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग महाविद्यालयाचा टँक यंगर रॅम्सकडे आला तो त्यांच्यामुळेच. पण हा अपवाद होता. नन दरवर्षी या महाविद्यालयांतल्या सर्वोत्तम खेळाडूंचा संघ वृत्तपत्रात जाहीर करीत. त्यासाठी ते गावोगाव जात, प्रशिक्षकांना भेटत, सामने पाहत. ती यादी पैसे देऊन विकत घेता येत होती, तरी त्यांच्याच शहरातला संघ ती वाचीत नव्हता. १९६० च्या दशकात संघाच्या मालकांचे चिरंजीव डॅन रूनी यांनी त्यांची गाठ घेतली तेव्हा ननांनी हे त्यांना स्पष्ट सुनावले. रूनींनी १९६७ मध्ये त्यांना अर्धवेळ आणि पुढे पूर्णवेळ कामावर घेतले.

१९७० साली तिसऱ्या फेरीत स्टीलर्सने बॅटन रूजच्या सदर्न विद्यापीठाचा मेल ब्लाउंट घेतला. उंची सहा फूट तीन इंच, आणि समोरच्याला हातांनी रेटत रेटत त्याची वाटच मोडून टाकण्याची विलक्षण ताकद. १९७५ मध्ये त्याने ११ पास हिरावले. १९७८ मध्ये लीगने नियमच बदलला आणि पाच यार्डांच्या पुढे झेलणाऱ्याला असे रेटायला बंदी केली. लोक त्याला ‘मेल ब्लाउंट नियम’ म्हणतात. तिसऱ्या फेरीपर्यंत ज्याला कोणी उचलले नव्हते, त्याच्यासाठी खेळाची घटना दुरुस्त करावी लागली.

ननांची एक आठवण सर्वत्र सांगितली जाते. जॉन स्टॉलवर्थ हा कॉर्नरबॅक नव्हे, पण पारखीचा मुद्दा तोच. अलाबामातल्या महाविद्यालयात सगळ्या स्काउटांनी ओल्या गवतावर त्याची धाव मोजली, ती मंद भरली, आणि मंडळी पुढच्या गावाला निघून गेली. नन प्रकृतीचे निमित्त सांगून मागे राहिले आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर त्यांनी त्याला पुन्हा धावायला लावले. १९७४ मध्ये स्टीलर्सने त्याला चौथ्या फेरीत निवडले आणि पुढे तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. हातातले घड्याळ सर्वांचे सारखेच होते. त्याच्या पायाखालचे गवत मात्र एकानेच पाहिले.

ज्यांना ननांसारखा वाचक भेटला नाही त्यांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. ग्रॅम्बलिंगच्या विली ब्राउनला १९६३ मध्ये कोणीच निवडले नाही. ह्यूस्टनने त्याला सरावाला बोलावून काढून टाकले, डेन्व्हरने ठेवून घेतले. १९६६ मध्ये बिशप कॉलेजच्या एमिट थॉमसचीही कोणी निवड केली नाही. त्याला कॅन्सस सिटीत आणले ते लॉइड वेल्स यांनी, आणि तेही मूळचे कृष्णवर्णीय वृत्तपत्रसृष्टीतलेच. हे दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. दोघेही कॉर्नरबॅक.

नजरेचा भरवसा नसेल तर यंत्र आणावे, हा विचार डॅलस काउबॉइजच्या टेक्स श्रॅम यांना सुचला. यात एक भारतीय धागा आहे. अलीगढला शिकलेले सलाम कुरेशी हे संख्याशास्त्रज्ञ तेव्हा आयबीएमच्या एका उपकंपनीत कॅलिफोर्नियात होते. त्यांना क्रिकेट कळत होते, फुटबॉल नव्हे. प्रशिक्षक आणि स्काउट यांच्याशी बोलताना त्यांच्या ध्यानात आले, की ‘चपळ’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा निराळा आहे. गणिताच्या आधी त्यांना कोशकाराचे काम करावे लागले. विशेषणांऐवजी नेमकी विधाने तयार करायची, स्काउटने त्यांना गुण द्यायचे, मग यंत्राने हिशेब करायचा. गुणांची लांबलचक यादी शेवटी पाच कलमांवर आली : चारित्र्य, चपळाई व शरीरावरचा ताबा, ईर्ष्या, बुद्धीची तरतरी, आणि ताकद. पहिले कलम चारित्र्याचे आहे हे वाचून आम्हाला जुन्या शाळांची प्रगतिपुस्तके आठवली. ते कसे मोजले जात असेल, देव जाणे.

पण याच काउबॉइजना यंत्राच्या आधीही अफाट सूचले होते, हे विसरता येत नाही. कॉर्नेल ग्रीन महाविद्यालयात बास्केटबॉल खेळत असे, फुटबॉल मुळीच नाही. १९६२ मध्ये त्यांनी त्याला कॉर्नरबॅक केले आणि तो अनेक वर्षे टिकला. बास्केटबॉलमधला बचावही समोरच्याची कंबर पाहत मागे सरकण्याचाच असतो, हे कोणाच्या तरी लक्षात आले होते.

१९८० च्या दशकात संघांनी मिळून खेळाडूंची सामुदायिक तपासणी सुरू केली. तिला कंबाइन म्हणतात. १९८७ पासून ती इंडियानापोलिसला भरते. उंची, वजन, हाताची लांबी, आणि सर्वांत महत्त्वाची ४० यार्डांची धाव. कॉर्नरबॅकला ती नाकासमोर, सरळ धावायला लावतात. सामन्यात त्याचे पहिले पाऊल मागे पडते, ही विसंगती सर्वांना ठाऊक आहे. तरीही या आकड्याची मोहिनी सुटत नाही. २०२२ मध्ये केलन बार्न्स ४.२३ सेकंदांत धावला, पण निवडला गेला तो शेवटच्या, सातव्या फेरीत, आणि निवडणाऱ्या संघात टिकला नाही. उलट एव्हरसन वॉल्सला मंद म्हणून १९८१ मध्ये कोणी घेतले नाही, तो डॅलसकडून पहिल्याच हंगामात ११ पास हिरावून सर्वांच्या पुढे गेला. रिचर्ड शर्मन २०११ च्या पाचव्या फेरीपर्यंत शिल्लक होता. स्टॅनफर्डमध्ये तो आधी चेंडू झेलणारा होता, मग त्याने बाजू बदलली. सिॲटलने त्याचे लांब हात पाहिले. दोन वर्षांनी तो लीगमध्ये सर्वाधिक ८ इंटरसेप्शन घेत होता.

टिपणांच्या भाषेकडेही थोडे पाहायला हवे. १९७० मध्ये लॉय आणि मॅकएल्वोग या समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की मैदानावरच्या जागा वर्णानुसार वाटल्या जातात. निर्णय घेण्याच्या मध्यवर्ती जागा गोऱ्यांकडे, कडेच्या जागा कृष्णवर्णीयांकडे. अनेक कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकना व्यावसायिक खेळात ‘तुझी चपळाई कोपऱ्यावर शोभेल’ असे सांगून हलवण्यात आले. अशा वेळी ‘उपजत’ हा शब्द स्तुतीचा वाटतो आणि माणसाच्या बुद्धीचे श्रेय हळूच काढून घेतो. कॉर्नरबॅक आठवडाभर चित्रफिती पाहून समोरच्याच्या लकबी पाठ करतो. मग ऐन वेळी तो योग्य जागी पोहोचला की ती ‘उपजत’ जाण ठरते. लोकसाहित्याविषयी आपल्याकडेही असे पुष्कळ लिहिले गेले आहे.

दक्षिणेतली मोठी विद्यापीठे १९७० च्या आसपास सर्वांना खुली झाली आणि कृष्णवर्णीय महाविद्यालयांकडे येणारे उत्तम खेळाडू तिकडे वळले. ही न्याय्य गोष्ट होती, पण ग्रॅम्बलिंगसारख्या मैदानांचे वैभव तिच्याबरोबर ओसरले. बिल नन २०१४ मध्ये वारले. २०२१ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये या महाविद्यालयांतला एकही खेळाडू निवडला गेला नाही. महासाथीमुळे त्यांतल्या बहुतेकांचा आदला हंगाम वेळेवर झाला नव्हता आणि इंडियानापोलिसची तपासणीही नेहमीसारखी भरली नव्हती, हे खरे. २०२२ मध्ये चौघे निवडले गेले. त्यांपैकी दोघे, फेयेटव्हिल स्टेटचा जोशुआ विल्यम्स आणि साउथ कॅरोलिना स्टेटचा डिकोबी ड्युरंट, कॉर्नरबॅक होते. दोघेही चौथ्या फेरीत गेले, एक कॅन्सस सिटीकडे आणि दुसरा रॅम्सकडे.