पाळण्याखाली उभ्या माणसाचं तिकीट

रहाट हा मुळात विहिरीवरचा. बैल फिरतात, चाक फिरतं, गाडगी पाण्यात बुडून भरतात आणि माथ्यावर पोचली की पन्हळीत रिकामी होतात. जत्रेतल्या उंच पाळण्याला मराठीने याच चाकाचं नाव दिलं: रहाटपाळणा. नाव देणाऱ्याने यंत्र नीट पाहिलेलं होतं. दोहोंत फरक एवढाच की गाडगं चाकाला घट्ट बांधलेलं असतं म्हणून वर जाताच उलटतं, आणि पाळण्याची पेटी सैल टांगलेली असते म्हणून चाक कितीही फिरलं तरी सरळच राहते. गाडगं सांडायला हवं आणि पोर सांडायला नको, एवढ्या युक्तीवर हा सगळा धंदा उभा आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० साली, तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेल्या आणि आज बल्गेरियात मोडणाऱ्या प्लॉवदिव शहरात असंच चाक पाहिलं, तेव्हा त्याला आठवलं ते लंडनच्या धक्क्यावर माल उचलणाऱ्या यारीचं चाक. ज्याच्या गावात जे कामाचं चाक, त्यावरून त्याने खेळातलं चाक ओळखलं. मंडीच्या वर्णनात त्या चाकावर बसलेली आहेत ती मुलं. आणि ती वर असोत की खाली, सरळच बसलेली राहतात याचं त्याला नवल वाटलेलं आहे. त्याच्या पाच वर्षं आधी पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा उमराव इस्तंबूलमध्ये सणाच्या दिवसांत अशा चाकात स्वतः बसला होता आणि खूश झाला होता. 

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की मुलांच्या करमणुकीचा इतिहास आपल्याकडे हमखास उलट्या टोकाने सांगितला जातो. वॉल्ट डिस्नेने १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड काढलं, १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड झालं, आणि जत्रेतला पाळणा म्हणजे या साखळीतला मागे राहिलेला गरीब नातेवाईक. मला ही मांडणी पटत नाही. फिरणारं चाक चारशे वर्षांहून जुनं आहे आणि त्यात बसलेलं मूलही तेवढंच जुनं. थीम पार्कने नवी आणली ती वेगळीच गोष्ट. जत्रेत पाळण्याखाली एक माणूस नेहमी उभा असतो. तो बाप असतो, आजी असते, चपला आणि फुगा सांभाळणारी मोठी बहीण असते. वर बसलेल्याचे पैसे पडतात, खालून बघणाऱ्याचे पडत नाहीत. थीम पार्कने या खालच्या माणसाला तिकीट लावलं. बाकीचं बरंचसं त्यातूनच आलं.

१८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने उभारलेलं चाक २६४ फूट उंच होतं. छत्तीस डबे, प्रत्येक डब्यात साठ माणसं, आणि दोन फेऱ्यांना पन्नास सेंट, म्हणजे अख्ख्या प्रदर्शनात शिरायला जेवढे लागत तेवढेच. ही किंमत पाहिली की फेरिसचं चाक पोराबाळांसाठी नव्हतं हे कळतं. आयफेल मनोऱ्याला अमेरिकेने दिलेलं ते पोलादी उत्तर होतं. पण हिशेब मात्र जत्रेचाच होता. चढाल तर द्या, खाली उभं राहून मान वर करून बघा तर फुकट.

हिशेब बदलला तो न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर. तिथे झोके, घसरगाड्या, दारूचे गुत्ते आणि जुगाराचे अड्डे एकमेकांना खेटून होते; मालक वेगवेगळे, वाळू सगळ्यांची. १८९५ साली पॉल बॉयटन याने तिथे सी लायन पार्क काढलं आणि सभोवती कुंपण घातलं. हा गृहस्थ रबरी पोशाख घालून नद्या आणि खाड्या पोहून जाण्यासाठी प्रसिद्ध होता, त्यामुळे त्याच्या बागेचं एक आकर्षण समुद्रसिंह असावेत यात नवल नाही. दोन वर्षांनी जॉर्ज टिल्यू याने स्टीपलचेस पार्कला कुंपण घातलं. फाटकावरच्या पैशाची ताकद टिल्यूला किती कळली होती ते १९०७ साली दिसलं. बाग जळून खाक झाली तेव्हा त्याने राखरांगोळी बघायला येणाऱ्यांना दहा सेंट प्रवेशमूल्य लावलं.

कोपनहेगनचं तिवोली १८४३ सालचं, त्यालाही फाटक होतं आणि तिकीट होतं, मग कोनी आयलंडला हा मान कशाला, असं जाणकार विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण तिवोली ही आधी बाग होती. संगीत, रोषणाई आणि फिरणं यासाठी लोक पैसे देत, चक्रं त्या बागेत पाहुणी होती. कोनी आयलंडला चक्रंच आधी होती, उघड्या किनाऱ्यावर, कुणीही फुकट बघावीत अशी. कुंपण त्यांच्याभोवती मागाहून आलं आणि बघण्याचा जुना हक्क गेला.

मात्र फाटकावर पैसे घेतले की मालकाच्या गळ्यात एक नवं लोढणं पडतं. पाळण्यात न बसणाऱ्यालाही काहीतरी द्यावं लागतं. सी लायन पार्कच्या जागी १९०३ साली लूना पार्क उघडलं तेव्हा त्यावर अडीच लाख दिवे होते. ते दिवे कुठल्याच पाळण्याचा भाग नव्हते, ते खालून बघणाऱ्यासाठी होते. मिरवणुका, संगीत, खोटी शहरं, खोट्या आगी हे सारे खेळ याच हिशेबातून वाढले. या खेळांतला सगळ्यात विलक्षण खेळ लहान मुलांचाच होता, पण बघणाऱ्या मुलांचा नव्हे. मार्टिन कूनी याने कोनी आयलंडवर अपुऱ्या दिवसांची अर्भकं उबदार काचपेट्यांत ठेवून त्यांचं प्रदर्शन मांडलं. बघ्यांकडून पैसे घ्यायचे आणि त्यातून दाया व दूध यांचा खर्च भागवायचा; बाळाच्या आईबापांना एक पैसा लागत नसे. त्या काळी बहुतेक इस्पितळांत अशा पेट्या नव्हत्या, म्हणून हे प्रदर्शन १९४३ पर्यंत चाललं आणि हजारो मुलं जगली. बघ्याच्या तिकिटाचा इतका चांगला उपयोग पुढे कुठल्याही थीम पार्कने केलेला माझ्या माहितीत नाही.

डिस्नेच्या वाट्याला उरलं ते हा हिशेब कुटुंबाला लावणं. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली घोड्यांच्या चक्रावर बसलेल्या आणि आपण बाकावर बसून बघतोय, त्या बाकावर ही कल्पना सुचली असं तो सांगत असे. हा आपला पाळण्याखालचाच माणूस. डिस्नेने बागेभोवती मातीचा बांध घातला, त्यावरून आगगाडी फिरवली, म्हणजे आतल्याला बाहेरचं गाव दिसू नये. आत यायला एकच फाटक ठेवलं. दारू ठेवली नाही. सगळे खेळ एका तिकिटात ही सोय मात्र सुरुवातीला नव्हती. फाटकाचे वेगळे आणि पाळण्यांची कुपनं वेगळी, हा प्रकार १९८२ पर्यंत चालला. म्हणजे फाटकाचे पैसे सत्तावीस वर्षं निव्वळ आत असण्याचे होते. कुंपणामागे कुटुंबाची काळजी होती असं मानायलाही आधार नाही. स्टीपलचेसमध्ये बाहेर पडणाऱ्या बायकांचे झगे हवेच्या झोताने उडवून लोकांना हसवत. कुंपण आधी आलं, सभ्यपणा साठ वर्षांनी.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. जत्रेतला पाळणा रात्रीत उभा राहतो आणि त्याचे बोल्ट कोणी तपासले हे कुणाला ठाऊक नसतं, हे खरंच आहे. पण सुरक्षित करतं ते तपासलेलं यंत्र, भिंत नव्हे. कोनी आयलंडचं ड्रीमलँड चांगलं भिंतीतलं होतं, तरी १९११ साली एका रात्रीत जळून गेलं. काचपेट्यांतली अर्भकं तेवढी धावपळ करून वाचवली गेली. भिंतीचा खरा फायदा वेगळा आहे आणि तो मान्य करायला हवा: आत जे होईल त्याला एकच मालक जबाबदार असतो. जत्रेत बोट पाळणेवाल्याकडून पंचकमिटीकडे आणि तिथून नगरपालिकेकडे फिरत राहतं.

दुसरा आक्षेप असा की थीम पार्कची खरी देणगी कथा आहे; पाळणा नुसता फिरतो, तिथे मात्र चंद्रावर नेतात. चंद्रावरची ही सफर १९०१ साली बफेलोच्या प्रदर्शनात होती आणि तिथून कोनी आयलंडला आली. आणि कथेला कुंपण लागतंच असं नाही, याचा पुरावा तर आपल्या घराजवळ आहे. फेरिसचं चाक फिरू लागलं त्याच १८९३ साली टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला. त्या उत्सवातून पुढे पुण्यामुंबईत हलते देखावे वाढले: मान हलवणारा रावण, उघडमीट करणारे डोळे, पडद्यामागचा निवेदकाचा आवाज. खांद्यावर पोर घेतलेले बाप आजही त्यांच्यासाठी रात्री रांगा लावतात. खर्च वर्गणीतून निघतो आणि बघणारा फुकट बघतो. मुंबईच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट १९५२ चा आणि पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ ची. ही दोन्ही पालिकांच्या पैशांतून झाली. डिस्नेलँड नुकतंच उभं राहत होतं त्याच काळात आपल्याकडे मुलांची करमणूक हे गावाचं काम समजलं जात होतं. पालिकांनी पुढे ते काम अंगावेगळं केलं, त्याचा दोष गोराईला देता येणार नाही.

गोराईला फाटकाच्याही आधी खाडी होती. लाँचमध्ये बसलं की घरातला प्रत्येक माणूस आत जाणाऱ्यांत मोजला जायचा, आजीसकट. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आलं तेव्हा खाडीची जागा महामार्गाने घेतली. अशा बागांत मुलाची उंची पट्टीवर मोजतात आणि तिकिटाचा दर त्यावर ठरतो. मुलाच्या वयाला पूर्वी एसटीचा कंडक्टर आईच्या शब्दावर जेवढी किंमत द्यायचा तेवढी इथे कुणी देत नाही. तिकडे सोलापूरच्या गड्डा यात्रेत संक्रांतीच्या सुमाराला आकाशपाळणे उभे राहतात. मैदान उठलं की पेट्या ट्रकवर चढतात आणि पुढच्या जत्रेच्या गावाला जातात. थीम पार्कच्या फाटकाशी मूल जातं, त्याच्यामागे घर जातं. हा पाळणा मुलाच्या गावाला येतो, आणि त्याच्याखाली आजी चपला धरून उभी असते, बिनतिकिटाची.