तिवईवरचा वारा

आज गोष्ट वाऱ्याची. वादळाची नव्हे, जमिनीला लागून हळूच वाहणाऱ्या वाऱ्याची.

मळणीयंत्र येण्याआधीचं खळं तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. तीन पायांच्या उंच तिवईवर एक जण उभं, खालून दुसरी पाटी भरून देतेय, आणि वरून धार सोडली की दाणे खाली, कुटार पलीकडे. वारा पडला की सगळे बसून राहायचे. पण तिवई कशाला? उंचावरून पडताना कुटाराला उडायला वेळ मिळतो, हे एक. दुसरं म्हणजे वर वाराच जास्त असतो. मोकळ्या गवताळ जमिनीवर 10 मीटर उंचीला जेवढा वारा वाहतो, त्याच्या साधारण 60 टक्केच 1 मीटरला मिळतो. खळ्यावरच्या बाईला आकडा माहीत नव्हता, तिवई माहीत होती.

यामागचं कारण शास्त्रात नीट मांडलं गेलं 1904 साली. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञानं हायडेलबर्गच्या गणित परिषदेत सांगितलं, की पृष्ठभागाला टेकलेली हवा हलतच नाही, तिथंच चिकटून राहते. ती वरच्या थराला मागे ओढते, तो त्याच्या वरच्याला. मग हा पृष्ठभाग खडबडीत असला तर? प्रांटलचे शिष्य योहान निकुराड्झे यांनी नळ्यांच्या आत चाळलेल्या वाळूचे कण चिकटवले आणि त्यातून पाणी सोडलं. हवा काय, पाणी काय, नियम तोच. त्यांचे निष्कर्ष 1933 साली छापले गेले. कण बारीक असला तर तो कडेच्या संथ थरात बुडून जातो, जणू सारवलेलं अंगण. पण कण त्या थरातून वर डोकावला की त्याच्यामागे भोवरे उठतात आणि वरच्या प्रवाहाचा जोर खातात. ढेकळं, धसकटं, धुऱ्यावरची झुडपं, उभं पीक हे सगळे वाऱ्याच्या दृष्टीनं वाळूचे मोठे कणच.

त्याच सुमारास आपल्या पुण्यातही हे काम सुरू झालं. हवामान खात्याचा शेतीसाठीचा विभाग 1932 साली तिथं उघडला. त्याचे प्रमुख एल. ए. रामदास हे सी. व्ही. रामन यांचे शिष्य. त्यांनी उपकरणं उंच मनोऱ्यावर न ठेवता थेट पिकात नेली, आणि जमिनीपासून वीत-हातभर उंचीवर हवा कशी असते ते मोजलं. उभ्या पिकाच्या आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा वेगळी असते, दमट असते, वारा तिथं मंदावतो. मला तर हे काम तिवईइतकंच आपलं वाटतं.

आता 2017 आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून जास्त शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कारणं बरीच होती: औषधांची मिश्रणं, पंप, तोंडाला फडकंही नसणं. त्यातलं एक मात्र वाऱ्याचं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती. फवारा खांद्याच्या वर धरावा लागत होता, आणि दाट पानांच्या आत हवा जवळजवळ थांबलेली. उडालेले तुषार जाणार कुठं? श्वासाच्या उंचीवरच लोंबकळत राहिले.

आपण बायका पंप भरून देतो, पाणी वाहतो, दुसऱ्याच दिवशी त्याच तासांमध्ये निंदायला शिरतो. धुऱ्यावर उभं राहून "आज वारा बरा आहे" असं कुणी म्हणालं, तर त्याला चार तासं आत नेऊन खालचं पान हलतंय का ते दाखवा.