पखाली कुणी व्हायचं?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

तीन वर्षांपूर्वीची १९ फेब्रुवारी. आमच्या तालुक्याच्या गावात शिवजयंतीची मिरवणूक. दुपारी तीनची वेळ, ऊन चांगलंच तापलेलं. पुढे घोडा, मागे पालखी, त्यामागे साठ 'मावळे'. ड्रेस जिल्ह्याच्या ठिकाणाहून भाड्याने आणलेले. रेक्झिनचं छातीकवच, त्यावर सोनेरी बटणं आणि मधोमध सिंहाचं तोंड, मनगटाला काळे पट्टे, डोक्याला एकसारखे भगवे फेटे, हातात पत्र्याची तलवार. बसस्टँडच्या चौकात नववीतला एक पोरगा चक्कर येऊन पडला. कवच सोडायला गेलो तर पाठीमागची गाठ सुटेना. कुणीतरी ओरडलं, पाणी आणा. साठ मावळ्यांत एकाकडे पाण्याचा थेंब नाही. शेवटी रसवंतीवाल्याने जग आणून दिला.

पोरगा तासाभरात उठून बसला, बरा झाला. मी संध्याकाळी बातमी पाठवली: 'शिवकालीन वेशभूषेतील मावळ्यांनी वेधले लक्ष.' वीस वर्षांत हे वाक्य मी किमान पंधरा वेळा लिहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शाळेतल्या निवृत्त गुरुजींचा फोन. मला सातवीला इतिहास शिकवायचे. म्हणाले, "बातमी वाचली. एक विचारू का? शिवकालीन कशावरून?"

मी म्हणालो, "गुरुजी, सगळीकडे तसेच ड्रेस असतात."

"सगळीकडे असतात हे कळलं. कशावरून ते सांग."

मला सांगता आलं नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या आठवड्यात शिकवतात, बातमीला आधार काय ते विचारा. मी पंचायत समितीला विचारतो, ठेकेदाराला विचारतो. स्वतःच्या या वाक्याला कधी विचारलं नव्हतं.

मग जमेल तसं वाचायला लागलो. मी संशोधक नाही, मोडी मला वाचता येत नाही. जे छापलेलं आहे, संग्रहालयांनी लोकांसाठी खुलं केलेलं आहे, तेवढंच पाहिलं. त्यातून जे समजलं ते सांगतो.

सुरुवात महाराजांच्या चित्रापासून. १९३३ पर्यंत आपल्याकडे पुस्तकांत, घराघरांत महाराजांचं म्हणून एक चित्र लावलं जायचं. ते इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांच्या आधाराने खरं चित्र शोधलं आणि १९३३ मध्ये ते लोकांपुढे आणलं. कल्पना करा, लोक ज्या तसबिरीला हार घालत होते ती चुकीची आहे असं एक माणूस उभा राहून सांगतोय. बेंद्र्यांची भक्ती कमी होती का? उलट भक्ती होती म्हणूनच त्यांनी विचारलं, हे चित्र कशावरून?

दुसरी गोष्ट जयंतीच्या तारखेची. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साल धरलं जायचं. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली छापली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ होतं, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्यावर अनेक वर्षं वाद झाले, समित्या झाल्या, आणि २००१ मध्ये राज्य सरकारने ही तारीख स्वीकारली. तिथी की तारीख हा वाद अजून आहे, त्यात मला पडायचं नाही. मुद्दा एवढाच की ज्या दिवशी आपण मिरवणूक काढतो तो दिवससुद्धा एका जुन्या कागदाने दिला आहे. दिवस कागदावरून ठरवायचा आणि कपडे भाड्याच्या दुकानावरून, हे कसं चालेल?

आता कपडे. महाराजांची त्यांच्या काळातली किंवा त्यानंतर लगेचची म्हणता येतील अशी जी चित्रं आज युरोपातल्या संग्रहालयांत आहेत, ती बहुतेक गोवळकोंड्याच्या शैलीतली आहेत. एका बाजूने दिसणारा चेहरा, टोकदार दाढी, अंगात पायघोळ जामा, कमरेला पटका. छातीवर सिंहाचं तोंड कुठेही नाही. मनुची नावाच्या इटालियन प्रवाशाने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून काढून घेतलेलं एक चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात महाराज घोड्यावर आणि सोबत पायी चालणारे शिपाई आहेत. मावळ्याचा वेश शोधायचा तर ते शिपाई बघायला हवेत. आपण मात्र फक्त घोड्यावर बघतो.

चिलखत नव्हतंच असं नाही. होतं. पण बारीक कड्यांचं चिलखत सहज आठ-दहा किलो भरतं आणि ते करायला पैसाही तसाच लागतो. ते सरदाराला परवडणार, घाट चढणाऱ्या साध्या पाईकाला नाही. आणि अफजलखानाच्या भेटीची गोष्ट तर आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे: चिलखत कपड्यांच्या आत होतं म्हणून तर उपयोगी पडलं! आपण ते बाहेरून बांधतो, बटणं लावून. हे बाहेरून बांधायचं कवच आपल्याकडे कागदातून आलेलं नाही. नाटक, सिनेमा, कॅलेंडर आणि हल्लीच्या मालिका यांतून आलं आहे, आणि त्यातलं बरंचसं रोमन सैनिकांच्या इंग्रजी सिनेमातून.

तलवारीचंही तसंच. मराठ्यांच्या आवडत्या तलवारींपैकी एक फिरंग. नावातच गाव आहे. तिचं पातं युरोपातून यायचं, मूठ इथे बसवली जायची. चांगलं पोलाद जिथे मिळेल तिथून घ्यायचं, असा सरळ व्यवहार होता. आणि नुसती तलवारच नव्हती. भाले होते, धनुष्यबाण होते, तोड्याच्या बंदुका होत्या, फ्रेंचांकडून विकत घेतलेल्या तोफा होत्या. आमच्या मिरवणुकीत तोड्याची बंदूक मी एकदाही पाहिली नाही.

वाघनखांचं उदाहरण ताजं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली. लोकांनी रांगा लावल्या, मी पण गेलो, डोळे भरून आले. ती खोटं का बोलू. पण त्याच संग्रहालयाने स्वच्छ सांगितलं आहे की ही वाघनखं महाराजांनीच वापरली होती याची पडताळणी झालेली नाही. त्यांच्या पेटीवर जुना इंग्रजी मजकूर आहे, त्यात खानाला मोगल सेनापती म्हटलंय. अफजलखान आदिलशाहीचा होता हे आपल्या चौथीच्या पोरालाही माहीत आहे. डोळे भरून येणं आणि पुरावा मागणं, दोन्ही एकाच माणसाला जमू शकतं. मला जमलं.

जगात हे लोक कसं करतात तेही वाचलं. स्वीडनचं गोटलंड नावाचं बेट आहे, तिथे विस्बी हे शहर. १३६१ च्या जुलैमध्ये डेन्मार्कचा राजा वाल्डेमार चालून आला आणि शहराच्या तटाबाहेर त्याच्या फौजेने बेटावरच्या शेतकऱ्यांची कत्तल केली. उन्हाळा होता, प्रेतं खूप होती, म्हणून अनेकांना अंगावरच्या चिलखतासकट मोठ्या खड्ड्यांत पुरलं. विसाव्या शतकात ते खड्डे खणले तेव्हा अकराशेहून जास्त माणसांचे अवशेष निघाले. अनेकांच्या पायांच्या हाडांवर घाव होते. आज युरोपात त्या काळच्या लढाईचे प्रयोग करणारे हौशी लोक त्या चिलखतांचे पत्रे आणि खिळे पाहून तसंच्या तसं चिलखत बनवतात, कापड लोकरीचं की तागाचं यावर भांडतात. दर ऑगस्टमध्ये विस्बीत मध्ययुगीन सप्ताह भरतो. मजा असतेच, खाणंपिणं असतं. पण "कशावरून" विचारलं म्हणून तिथे कुणी अंगावर येत नाही.

आपल्याकडे तसे खड्डे सापडायचे नाहीत. आपण दहन करतो, आणि साध्या माणसाचा कपडा साडेतीनशे पावसाळे टिकत नाही. पण आपल्याकडे कागद आहेत. आणि याच कागदांत मला तो चक्कर आलेला पोरगा पुन्हा भेटला.

कृष्णाजी अनंत सभासदाने महाराज गेल्यानंतर वीसेक वर्षांच्या आत बखर लिहिली. त्यात फौजेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी वरपर्यंत. आणि त्यातच येतं: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. पखाली म्हणजे कातडी पखालीतून पाणी वाहणारा. नालबंद म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. पंचवीस घोड्यांमागे एक पाणीवाला. आमच्या साठ मावळ्यांमागे शून्य.

महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या लोकांना लिहिलेलं प्रसिद्ध पत्रही असंच आहे. त्यात तलवारीचा खणखणाट नाही. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून खा, नाहीतर घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, लाकूड, भाजी ओढून आणाल, आणि रयत म्हणेल यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. उंदराची काळजी करणारा राजा! माझ्या मते हे पत्र मिरवणुकीत मोठ्याने वाचायला पाहिजे.

हे सगळं घेऊन मी पुढच्या वर्षीच्या बैठकीला गेलो. म्हणालो, साठांतली निदान एक रांग कागदाला धरून करू. सुती बंडी, मुंडासं, खांद्यावर घोंगडी, ढाल-भाला. एक पखाली, एक नालबंद. भाड्याचा खर्चही वाचेल.

बैठकीत शांतता. मग एक जण म्हणाला, "म्हणजे मावळे भिकारी दाखवायचे का?" दुसरा म्हणाला, "पत्रकार आहात म्हणून काहीही बोलाल का? महाराजांचा अपमान आहे हा." ही पोरं वाईट नाहीत. रक्तदान शिबिर हीच घेतात, कोविडमध्ये डबे यांनीच पोचवले. पण हल्ली "अपमान" हा शब्द आला की पुढचं बोलणं संपतं, ते तिथेही संपायला आलं होतं.

तेव्हा त्या चक्कर आलेल्या पोराचे वडील उठले. दोन एकराचा माणूस. म्हणाले, "माझा पणजोबा घोंगडीच वापरायचा. आम्ही भिकारी होतो का?"

यावर कुणी काही बोललं नाही.

अकरा जणांची रांग ठरली. पखाली व्हायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यांना तानाजी व्हायचं होतं, बाजीप्रभू व्हायचं होतं. शेवटी तोच पोरगा म्हणाला, मी होतो. मेणकापडाची पखाल शिवली, त्यात खरं पाणी भरलं. नालबंदाचा प्रश्न आमच्या गावात सोपा होता. बैलबाजाराजवळ बैलांना पत्री मारणारे चाचा आहेत, आडनावच नालबंद. पिढीजात धंदा, आता ट्रॅक्टरमुळे महिन्यातून चार बैल येतात. त्यांना विचारलं तर आधी म्हणाले, "मी? मिरवणुकीत? कुणी काही म्हणणार नाही ना?" गावात पंचावन्न वर्षं काढलेल्या माणसाने हे विचारावं, याचं मला वाईट वाटलं. तरी ते आले. भाड्याचा ड्रेस नाही. आपली हातोडी, आपला सांडस, खांद्यावर अवजारांची पिशवी, एवढंच घेऊन पालखीमागे चालले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आमच्या रांगेला "हे कोण भाविक?" म्हणून हसलेही. मुंडाशांची बांधणी चुकली होती, ते गुरुजींनी नंतर सांगितलंच. बाकी पन्नास जण रेक्झिनमध्येच होते. पण बसस्टँडच्या चौकात ते पन्नास जण रांग मोडून पखालीपाशी आले आणि ओंजळीने पाणी प्याले. चाचांपाशी म्हातारी माणसं थांबून आपल्या जुन्या बैलांची नावं काढत होती.

त्या संध्याकाळी बातमीत मी 'शिवकालीन' हा शब्द लिहिला नाही. 'सभासदाच्या बखरीतील नोंदीनुसार पखाली व नालबंद' असं लिहिलं. जागेअभावी डेस्कने ते कापलं. असो.

माझं म्हणणं एवढंच. स्वराज्य तलवारीने उभं राहिलं हे खरं, पण पंचवीस घोड्यांमागचा पखाली, नालबंद, दाण्याचा हिशेब ठेवणारा कारकून, ही माणसं कागदात आहेत आणि आपल्या मिरवणुकीत नाहीत. मावळा म्हणजे आपलाच खापरपणजोबा असेल, तर त्याला सिनेमातला रोमन शिपाई करून आपण त्याचा कोणता मान राखतो?

येत्या शिवजयंतीला तुमच्या मंडळात एक प्रश्न विचारा: हे कशावरून? आणि एक पखाली नेमा. पाणी खरं ठेवा, ऊन खरं असतं.

तुमच्या घरात जुनी ढाल, तोड्याची बंदूक, मोडी कागदाचं बाड असेल तर विकू नका, पॉलिश करू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका. जाणकाराला दाखवा. आणि मुंडासं नीट बांधता येणारे कुणी आजोबा तुमच्याकडे असतील तर मला कळवा. गुरुजींची तक्रार मिटवायची आहे.