थॉमसनची भावकी

मोशी सोडून पुणे-नाशिक रस्त्याला लागलं की चाकणपर्यंत कारखाने आणि कंटेनरच. खेड, मंचर मागे पडल्यावर नारायणगावच्या आसपास द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. इथं काळ्या जम्बोचीही चलती आहे. पण पांढऱ्या द्राक्षात महाराष्ट्रभर मान थॉमसनच्या भावकीचाच.

विल्यम थॉमसन हा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला इंग्रज. १८७२ मध्ये त्यानं न्यूयॉर्क राज्यातल्या रोपवाटिकेतून मोजक्या काड्या मागवल्या. चिठ्ठीवर नाव 'लेडी डी कव्हर्ली', वाण मात्र इराण-तुर्कस्तानकडचा जुना, बेदाण्याचा सुलताना. त्यालाच पुढे थॉमसनचं नाव पडलं.

मणी उभा चिरून पाहा. मधोमध एखादा मऊ, पांढुरका कण सापडेल. ते अर्धवट राहिलेलं बी. फलन होतं, पण गर्भ कोवळेपणीच मरतो. त्यामुळे वंश चालतो तो काडीवर आणि अख्खी बाग म्हणजे एकाच वेलाचा पसारा.

तरी क्वचित एखादा डोळा वेगळा फुटतो. तासगाव तालुक्यातल्या बोरगावात वसंतराव आर्वे यांनी अशी फांदी हेरली, ती तास-ए-गणेश. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांच्या बागेतून लांब मण्यांचा सोनाका आला. हे वाण प्रयोगशाळेतले नव्हेत. मांडवाखाली मान वर करून फिरणाऱ्यांच्या नजरेतले.

वाइनवाले मात्र थॉमसनचं नाव काढलं की नाक मुरडतात. कॅलिफोर्नियानं त्याला खाणं, बेदाणा आणि स्वस्त वाइन अशा तिन्ही कामांना जुंपलं. गोडी भरपूर, वास बेताचा. त्यात आपण घड जिबरेलिक ॲसिडात बुडवून मणी फुगवतो. ते टपोरेपण पेटीत शोभतं, पिंपात नाही. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाइन काढली, ती फ्रेंच तंत्रानं. नाशिकच्या सुला वायनरीनं २००० मध्ये सुरुवात केली ती सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या परदेशी वाणांवर. थॉमसन बाजारपेठेतच राहिला.

पण त्याला वाइनशी नातं जोडायची एक वाट उरली होती. थॉमसनच्या पोटी बी धरत नाही, पराग मात्र चांगला असतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत ब्लॅक चंपाच्या फुलावर हाच पराग वापरला गेला आणि अर्कावती जन्मली: पिवळट हिरवी, बिनबियांची, बेदाण्याला चालणारी आणि वाइनलाही.